एका संगणकात आठ चुली

विंडोज वापरणाऱ्या माणसाला ‘मी काल डेस्कटॉप बदलला’ असं सांगितलं, की तो विचारतो, “कुठलं चित्र लावलंस?” यात त्याचा काही दोष नाही. त्याच्या संगणकाला एकच चेहरा असतो आणि तो कधी बदलायचा हे कंपनी ठरवते. लिनक्सचं तसं नाही. खालची यंत्रणा वेगळी, वर दिसणारं सगळं वेगळं. विंडोंच्या चौकटी, तळाची पट्टी, मेनू, फाइली दाखवणारा प्रोग्राम, सेटिंगचं कपाट, कुलूपबंद पडदा, कोपऱ्यातलं घड्याळ असा सगळा लवाजमा म्हणजे डेस्कटॉप. हा लवाजमा अख्खाच्या अख्खा हलवून त्या जागी दुसरा आणता येतो. फाइली जागच्या हलत नाहीत. खालच्या कर्नलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला, तर वर सध्या कोण नांदतंय याचा पत्ताही नसतो.

एवढी सोय फुकट मिळत असताना ती न वापरणं मला जमत नाही. मी घरी बसून मुद्रितं तपासते. हातातलं पुस्तक चांगलं असलं, की संगणक महिनोन् महिने एका चेहऱ्याने सुखात असतो. पुस्तक रटाळ निघालं, की दुपारी तीनच्या सुमाराला माझा हात आपोआप डेस्कटॉपकडे वळतो. नेतृत्वगुणांवरच्या एका जाडजूड अनुवादाने मला सिनॅमन नावाचा डेस्कटॉपही दाखवला आणि एलएक्सक्यूटी नावाचाही. त्या पुस्तकाचा समाजाला काय उपयोग झाला ते प्रकाशक जाणे.

आमच्या घरी डेबियन नावाचा लिनक्स आहे. तो बसवताना एक यादी पुढे येते: ग्नोम, एक्सएफसीई, ग्नोम फ्लॅशबॅक, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माते, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी. प्रत्येकापुढे खुणेचा चौकोन. यातला एकच निवडा, असं कुठेही लिहिलेलं नाही. हवे तितके चौकोन भरा. शहाणी माणसं एक भरतात.

हे इतके आले कुठून, याची हकिगत आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात शोभेल अशी आहे. 1996 साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात माथिआस एट्रिश नावाचा विद्यार्थी होता. युनिक्सवरचे प्रोग्राम एकमेकांसारखे दिसत नाहीत आणि वागतही नाहीत, ही गोष्ट त्याला खुपायची. एकाची सरकपट्टी डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, मेनू तिसऱ्याच तऱ्हेचा. 14 ऑक्टोबरला त्याने इंटरनेटवरच्या एका चर्चागटात हाक दिली, की या, सगळं एका वळणाचं करू. त्यातून केडीई निघालं. ते उभं राहिलं क्यूटी नावाच्या साहित्यावर. हे साहित्य नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीचं. वापरायला फुकट, पण परवाना पुरता मुक्त नव्हता. मुक्त सॉफ्टवेअरच्या निष्ठावंतांच्या घशाखाली हे उतरेना. ऑगस्ट 1997 मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या दोघांनी वेगळी चूल मांडली, तिचं नाव ग्नोम. तिला जीटीके हे साहित्य लागलं, जे मुळात गिंप या चित्रं करण्याच्या प्रोग्रामसाठी घडवलेलं होतं. पुढे सप्टेंबर 2000 मध्ये क्यूटीसुद्धा जीपीएल या पक्क्या मुक्त परवान्याखाली आलं. म्हणजे भांडणाचं कारणच उरलं नाही. चुली मात्र दोनच राहिल्या. ज्यांनी भाऊबंदकी जवळून पाहिली आहे त्यांना यात नवल वाटायचं नाही.

नंतरच्या वाटण्या तर विचारूच नका. एप्रिल 2011 मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली. तिच्या कर्त्यांनी विंडो खाली दडवण्याचं बटण काढून टाकलं, तळाची पट्टी काढली, आणि माणसाने काम कसं करावं याचा नवा विचार मांडला. विचार चांगला होता की वाईट यावर मी बोलणार नाही; पण वर्षानुवर्षं जिथे बटण आहे तिथे हात जाणारच, आणि हाताला विचार कळत नाही. अर्जेंटिनातल्या एका वापरणाऱ्याने जुनं ग्नोम तसंच पुढे चालवायला घेतलं आणि दक्षिण अमेरिकेतल्या चहासारख्या पेयावरून त्याचं नाव ठेवलं माते. लिनक्स मिंटच्या मंडळींनी नव्या ग्नोमवरच जुना घाट चढवून सिनॅमन केलं. मातेवाल्यांची आणखी पंचाईत म्हणजे, जुन्या प्रोग्रामांची जुनीच नावं ठेवली तर त्याच संगणकातल्या नव्या ग्नोमशी गाठ पडणार. म्हणून त्यांनी घरातल्या प्रत्येकाचं बारसं नव्याने केलं. फाइली दाखवणारा नॉटिलस झाला काहा, लिहिण्याचा जी-एडिट झाला प्लूमा, पुस्तकं उघडणारा एव्हिन्स झाला आत्रिल. माणसं तीच, आडनावं स्पॅनिश.

या सगळ्यात मला धीर देणारा माणूस म्हणजे खुद्द लिनस टोरवाल्ड्स. कर्नल त्याचा, त्याच्या नावावरून यंत्रणेचं नाव. तो आधी केडीईवर होता. 2008 मध्ये केडीईची चौथी आवृत्ती आली, ती मानवली नाही, तेव्हा ग्नोमवर गेला. 2011 मध्ये ग्नोमचं नवं रूप पाहून चारचौघांत बोल लावले आणि एक्सएफसीईवर गेला. पुढे परत ग्नोमवर आला. डेबियननेसुद्धा आपला ठरलेला डेस्कटॉप ग्नोमवरून एक्सएफसीई करून पाहिला आणि 2014 मध्ये पुन्हा ग्नोम केला. त्यामुळे मुलगा फोनवर “आई, परत बदललंस?” असं विचारतो, तेव्हा माझ्याकडे थोरामोठ्यांचे दाखले तयार असतात.

माणसांप्रमाणे डेस्कटॉपचेही स्वभाव असतात. ग्नोमचं म्हणणं, तुम्ही कामाला लागा, बाकीचं आम्ही ठरवलंय. केडीई काहीच ठरवत नाही, सगळं तुम्हाला विचारतं. विंडोच्या मथळ्यावर दोनदा टिचकी मारली तर काय व्हावं? मधल्या बटणाने मारली तर? मथळ्यावर माउसचं चाक फिरवलं तर? या शेवटच्या प्रश्नाला उत्तरांची आख्खी यादी आहे, त्यात विंडो पारदर्शक करण्याचीही सोय आहे. मथळ्यावर चाक फिरवावं असं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं; ती यादी पाहिल्यापासून वाटतं. एक्सएफसीई या दोघांच्या मधे, आणि घाई कशाची म्हणून त्याला माहीत नाही. त्याची 4.12 ही आवृत्ती फेब्रुवारी 2015 ची आणि त्याच्या पुढची 4.14 ऑगस्ट 2019 ची. साडेचार वर्षांत घड्याळ जिथे होतं तिथेच होतं. संगणकाच्या जगात ही सभ्यता दुर्मीळ आहे.

नवा डेस्कटॉप आणणं तसं सोपं. एक आज्ञा द्यायची, काही शे मेगाबाइट उतरेपर्यंत चहा करून आणायचा. मधेच एक निळा पडदा येऊन विचारतो, की दाराशी कोण उभं राहणार? जीडीएम, एसडीडीएम की लाइटडीएम? हे लॉगिनच्या वेळी आपला पासवर्ड घेणारे. प्रत्येक घराण्याचा आपला असतो, पण दाराशी एकालाच उभं राहता येतं. मग बाहेर पडायचं, आणि पासवर्ड टाकण्याआधी तिथलं दातेरी चाक शोधायचं. जीडीएमच्या पडद्यावर हे चाक आपलं नाव निवडल्याशिवाय दिसतच नाही, आणि निवडल्यावर दिसतं ते खाली उजव्या कोपऱ्यात. कित्येकांनी नवा डेस्कटॉप बसवून, दोन दिवस जुन्याच डेस्कटॉपवर काढून, ‘काही विशेष फरक वाटला नाही’ असं मत दिलेलं आहे.

पहिला तास फार सुखाचा. अक्षरं वेगळी, सावल्या वेगळ्या, विंडो मिटताना वेगळी मिटते. रटाळ मजकूरसुद्धा तासभर ताजा वाटतो. मग हळूहळू ध्यानात येतं, की जुनी मंडळी कुठेच गेलेली नाहीत. मेनूत दोन कॅल्क्युलेटर, दोन टर्मिनल, चित्रं दाखवणारे दोन, फाइली दाखवणारे दोन. पीडीएफवर टिचकी मारली की कालपर्यंत एक धावायचा, आज दुसराच धावतो. पासवर्ड सांभाळणारेही दोन, त्यामुळे वायफायचा पासवर्ड एकाच्या कनवटीला आणि विचारतो दुसरा. ‘मेल आली’, ‘बॅटरी संपत आली’ असे निरोप देणारे दोन असले तरी निरोप एकच देतो. जो आधी उठून जागा धरतो तो. दुसरा मुकाट बसतो. तिकडे जर्मनीत आणि मेक्सिकोत कोणाचं कोणाशी पटलं नाही, त्याची भांडी इकडे नाशिकला मी घासते.

नको असलेला डेस्कटॉप काढून टाकायला जावं, तर तेही सरळ नाही. ज्या नावाने तो मागवला, ते नाव म्हणजे नुसती एक चिठ्ठी असते: ‘हे, हे आणि हे आणा.’ ते नाव काढलं की चिठ्ठी फाटते. आलेली माणसं घरातच. त्यांना एकेकाला नाव घेऊन घालवावं लागतं, आणि त्यातल्या एखाद्याचा हात नेमका आपल्याला हव्या असलेल्याने धरलेला असतो.

सासूबाईंना यातलं काहीच दिसत नाही. त्यांचा संगणकाशी संबंध पत्त्यांपुरता. दुपारी चहानंतर त्या एकट्याने खेळायचा डाव मांडतात. ग्नोमच्या घराण्यात त्यासाठी आयलरायट नावाचा प्रोग्राम आहे, केडीईच्या घराण्यात केपेशन्स. डाव तोच, पण पत्त्यांवरची चित्रं निराळी. एकदा मी सकाळी डेस्कटॉप बदलला होता. दुपारी बाहेरच्या खोलीतून हाक आली, “अगं, राजाचं तोंड बदललंय.” जाऊन बघते तर खरंच बदललं होतं. “गुलाम कुठला आणि राजा कुठला, काही समजेना. सगळे मेले एकाच दाढीचे.” अडीच दशकं जगभरच्या डेस्कटॉप करणाऱ्यांनी वापरणाऱ्याचा केवढा विचार केला, केवढ्या परिषदा घेतल्या, पण राजाच्या तोंडाचा हा मुद्दा कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही. पत्त्यांची चित्रं सेटिंगमधून बदलता येतात. आधीच्या राजाशी मिळताजुळता राजा शोधण्यात माझी संध्याकाळ गेली. मुद्रितं तशीच पडून.

खरी परीक्षा असते ती दार उघडेनासं झालं की. हे दुखणं लिनक्सवाल्यांत प्रसिद्ध आहे. पासवर्ड चुकीचा टाकला तर संगणक तसं स्पष्ट सांगतो. बरोबर टाकला की पडदा काळा होतो, क्षणभर काहीतरी लुकलुकतं, आणि पुन्हा तोच लॉगिनचा पडदा. पुन्हा टाका, पुन्हा तेच. आमच्याकडे हे घडलं ते नवऱ्याला घरपट्टीची पावती छापायची होती तेव्हा. त्याने माझ्या खांद्यावरून बघितलं आणि शांतपणे विचारलं, “गेला का गं?”

गेलेला नसतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-3 एकदम दाबलं, की सगळा थाटमाट बाजूला होतो आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उभी राहतात: नाव सांगा, पासवर्ड सांगा. इथे डेस्कटॉप नाही, माउसचा बाण नाही, सावल्या नाहीत. माझ्या मते घरातली सगळ्यात विश्वासाची खोली हीच. कुठलीही वाटणी झाली तरी ही सामायिक राहते. मी डीएफ-एच ही आज्ञा दिली. जागा किती उरली ते ती सांगते. आमच्या कप्प्यापुढे शंभर टक्के भरल्याचा आकडा. लॉगिन होताना डेस्कटॉपला घरात दोनचार ओळी लिहून ठेवाव्या लागतात. त्यालाही जागा नव्हती, म्हणून बिचारा दारातूनच परतत होता.

एवढं भरलं कशाने? शोधत गेले तर सापडली एक्ससेशन-एरर्स नावाची फाइल. नावाआधी टिंब असल्यामुळे एरवी ती नजरेआड असते. डेस्कटॉपवरचे प्रोग्राम आपापली गाऱ्हाणी तिच्यात नोंदवतात. पट्टीवर हवामान दाखवणारा एक चिमुकला प्रोग्राम होता, त्याला कुठलंसं चित्र सापडत नव्हतं. त्याने ते दर सेकंदाला नोंदवलं होतं. संगणक कधी बंद न करण्याची नवऱ्याची पद्धत, त्यामुळे आठवडेच्या आठवडे तीच एक ओळ. गाऱ्हाण्यांच्या वहीने घर भरलं आणि आता नवं गाऱ्हाणं लिहायलाही जागा नव्हती. वही पुसली, एफ-7 कडे परतले, पासवर्ड टाकला, दार उघडलं. पावती छापून झाली. नवऱ्याने “काय झालं होतं?” असं विचारलं, पण उत्तर सुरू होताच त्याला फोन आला.

जागा भरपूर असूनही दार उघडलं नाही, तर बघावं एक्स-ऑथॉरिटी या फाइलीकडे. कुणीतरी रूटच्या, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याच्या, अधिकाराने डेस्कटॉपवरचा एखादा प्रोग्राम चालवलेला असतो आणि तेवढ्यात ही फाइल रूटच्या नावावर चढलेली असते. घर आपलं, किल्ली मामलेदाराकडे. मालकी परत आपल्या नावावर केली की झालं.

तेही नसेल, तर माझा आवडता उपाय म्हणजे नवं खातं काढून बघायचं. मी त्या खात्याला ‘पाहुणा’ असं नाव देते. पाहुण्याच्या नावाने आत शिरावं, तर पट्टी जागेवर, चित्रं नेटकी, विंडो झरझर उघडतात. म्हणजे यंत्रणा धडधाकट आहे; खोट आपल्याच टिंबवाल्या फाइलींत, वर्षानुवर्षं साठवलेल्या आवडीनिवडींत आहे. मग टिंब-कॉन्फिग या फोल्डरचं नाव बदलून त्याला तात्पुरतं अडगळीत टाकायचं आणि एकेक आवड परत आणून बघायची. कुठल्या आवडीपाशी गाडं अडतं, ते लवकरच कळतं. बहुधा ती आवड आपली होती हेही आठवत नसतं.

यापेक्षा नाजूक दुखणं मराठी टायपिंगचं. ते मराठीत लिहिणाऱ्यालाच होतं, म्हणून त्याचा बोभाटा कमी. लिनक्सवर देवनागरी लिहायला बहुतेक ठिकाणी आयबस नावाचा मध्यस्थ असतो. आपण इंग्रजी कळ दाबायची, त्याने मराठी अक्षर पुढे द्यायचं. ग्नोमने त्याला घरातच घेतलंय, सुपर आणि स्पेस दाबलं की मराठी. एक्सएफसीईत त्याला सकाळी उठवण्याची व्यवस्था आपण करायची. आणि वेलँड ही पडदा रंगवण्याची नवी पद्धत आल्यापासून एका डेस्कटॉपमध्ये तर आयबस निवडायचा ‘आभासी कळफलक’ या मथळ्याखाली. समोर धडधडीत खरा कळफलक असताना त्या मथळ्याखाली कोण डोकावणार? नेमणूक झाली नाही, की गंमत सुरू होते. ब्राउझरमध्ये मराठी उमटतं, टिपणवहीत उमटत नाही. लिबरऑफिसमध्ये उमटतं, फाइलीला नाव देताना उमटत नाही. कारण काही प्रोग्राम जीटीकेचे, काही क्यूटीचे, आणि मध्यस्थाची ओळख दोघांना वेगवेगळी करून द्यावी लागते. पुन्हा तेच 1997 चं भांडण.

त्यामुळे नव्या डेस्कटॉपवर माझी पहिली कसोटी ठरलेली आहे. टिपणवही उघडायची आणि ‘दऱ्या’ लिहायचं. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर द झाल्यावर शिफ्टसकट जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. र अर्धचंद्रासारखा नीट वळून य ला डावीकडून बिलगला, तर हा डेस्कटॉप माझ्या घरी राहू शकतो. त्याच्या सावल्या, पारदर्शकता, विंडो थरथरवण्याची कला वगैरे नंतर बघू.

इतक्या अनुभवानंतर आता सासूबाईंना त्यांचं स्वतःचं खातं काढून दिलंय. ही सोय लिनक्समध्ये पहिल्यापासून आहे: प्रत्येकाचं खातं वेगळं, प्रत्येकाचा डेस्कटॉप वेगळा. त्यांना माते बसवून दिला. पट्टीवर तीनच चित्रं: पत्ते, नातवाशी बोलायचं, आणि बंद करायचं. माझ्या खात्यात काही का उलथापालथ होईना, त्यांचा राजा निर्धास्त.

परवा मी काम करत असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे सध्या एक्सएफसीई आहे आणि त्याच्या मेनूवर, वर डाव्या कोपऱ्यात, उंदराचं चित्र असतं.

“तुझ्याकडे तो उंदीर आहे. माझ्याकडे का नाही?”

“आई, तो वेगळा डेस्कटॉप आहे. तुमचा वेगळा.”

“बदलता येतो ना?”

येतो म्हटलं. दातेरी चाक कुठे असतं, तेही दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, उंदरावर बोट ठेवलं आणि मला बजावलं, “राजाचं तोंड मात्र तेच राहू दे.”